विवराच्या काठाने एक फेरी

आम्ही मलकापूरकर घाटाखालचे. बुलडाणा जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख हीच: हा घाटावरचा की घाटाखालचा? आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन, कापूस आणि मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे स्टेशन. जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर मोताळ्यावरून राजूर घाट चढावा लागतो. शाळेची सहल लोणारला गेली ती याच वाटेने. तिथे गुरुजींनी सांगितले होते, ‘‘पोरांनो, हा विझलेला ज्वालामुखी.’’ मी तिथला मुठीएवढा काळा दगड दप्तरात घालून आणला आणि पुढे कित्येक वर्षे ‘ज्वालामुखीचा दगड’ म्हणून आल्यागेल्याला दाखवला.

गेल्या हिवाळ्यात तो दगड परत ठेवायचा आणि विवराची पूर्ण फेरी पायी करायची, असे ठरवून निघालो. बरोबर भूशास्त्र शिकवणारा एक मित्र. पाठीवरच्या सॅकमध्ये भाकरी, ठेचा, भरपूर पाणी आणि तो दगड.

राजूर घाटात मित्राने रस्त्याकडेच्या कातळाकडे बोट दाखवले. ‘‘थर कसे आहेत ते नीट बघून ठेव.’’ थर आडवे होते; भाकरीवर भाकरी रचावी तसे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थिजला आणि त्यातून दख्खनचे हे पठार झाले. आपला सह्याद्री, अजिंठ्याची लेणी, मलकापूरच्या शेतातली काळी माती, सगळे त्या बसाल्टाचेच.

चिखली, मेहकर मागे टाकून लोणारला पोचलो. सकाळच्या उन्हात काठावरून दिसणारे ते वाटोळे पात्र कितीही वेळा पाहिले तरी माणूस गप्प होतो. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, तळाशी खारे पाणी. गणिताने काठाची फेरी पावणेसहा किलोमीटर भरते. पण काटेरी झुडपे, घसरडा मुरूम आणि चढउतार यांना गणित ठाऊक नसते! आमचा जवळजवळ सगळा दिवस गेला.

अर्ध्या वाटेवर मित्र थांबला. ‘‘आता थर बघ.’’ घाटात आडवे असलेले थर इथे काठापाशी वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले होते. काही ठिकाणी तर ते उलटे पडलेले आहेत. पायाखाली लाव्हाचा नवा थर कुठेच नव्हता. होता तो जुन्याच खडकाचा, फुटून बाहेर फेकलेला राडा.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ विद्वानही याला ज्वालामुखीचेच मानत. चोहोकडे लाव्हाचा खडक, मग दुसरे काय सुचणार? अशनीच्या आघाताची शंका बळावत गेली आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या संशोधकांनी सरोवरात खोल छिद्रे पाडून तळाचा खडक वर काढला. त्यात मॅस्केलिनाइट सापडले. खडकातले स्फटिक न वितळता काचेसारखे होतात, ते केवळ प्रचंड आघातानेच. चुलीच्या आचेने नव्हे. हा निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विवराच्या वयाचा वाद मात्र चालूच राहिला: एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे, तर दुसरीने सुमारे पावणेसहा लाख. कोणतेही धरले तरी दख्खनची चूल तेव्हा केव्हाच विझली होती.

चंद्रावर आणि मंगळावर बसाल्टात पडलेली विवरे असंख्य आहेत. पृथ्वीवर फार थोडी. म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारला येतात.

फेरी संपवून कमळजा देवीच्या देवळापाशी उतरलो. भाकरी खाल्ली आणि मी दगड बाहेर काढला. मित्राने विचारले, ‘‘उचलला कुठून होतास? भिंतीतून, काठावरून, की खालून?’’ मला आठवेना. ‘‘मग आता ठेवणार कुठे? दगड परत आणता येतो, त्याची जागा परत आणता येत नाही.’’

ते ऐकून मी वरमलो. कारण आघाताची साक्ष केवळ सरोवरात नाही. ती बाहेर फेकल्या गेलेल्या त्या राड्यात आहे आणि तो काठापलीकडे किलोमीटरभराहून अधिक पसरला आहे. सन २००० मध्ये इथे अभयारण्य झाले, २०२० मध्ये रामसर यादीत नाव आले. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष इकडे वळले. पण राड्याकडे कोण बघतो? त्यावर शेते आहेत, रस्ते आहेत, गाव आहे. गावकऱ्यांनी राहायचे तरी कुठे, हा प्रश्नही खराच. निदान नवा पाया खणण्याआधी, नवा रस्ता फोडण्याआधी तिथल्या मातीची नोंद व्हावी, एवढे तरी मागता येईल.

दगड मी घरी परत आणला. चुकीच्या जागी ठेवणे म्हणजे दुसरी खोटी साक्ष झाली असती. आता तो पाहणाऱ्यांना सांगतो: दगड ज्वालामुखीचाच, विवर मात्र नव्हे, आणि मी तो उचलायला नको होता.