दुष्काळी वर्षांत वृद्धांच्या हातास काम

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत पाऊस हुकला म्हणजे घरातील धडधाकट माणसे प्रथम गाव सोडतात. कोणी कोयता घेऊन ऊसतोडीस जातो, कोणी पुण्याची वाट धरतो. मागे राहतात ती वृद्ध माणसे, लहान मुले व जनावरे. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल रोजी दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली, व हे वृत्त देशभर गाजले. त्या उन्हाळ्यात खेड्यांतील घरे व गोठे कोणाच्या हाती होते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

साठी उलटलेल्या मनुष्यास कामास लावणे म्हणजे त्यास राबविणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. बाप बांधावर दिसला की मुलगा त्यास पोसत नाही, असे लोक बोलतात. आणि या लोकापवादास भिऊन हातपाय चालणारे कित्येक म्हातारे ओसरीवर बसून राहतात. ही प्रतिष्ठा आमच्या मते फार महाग पडते. भूमिहीन घरास तर ती परवडणारीच नाही. निराधार वृद्धांचे सरकारी वेतन २०२३ साली महिना १,००० रुपयांवरून १,५०० झाले; एवढ्यात धान्य व औषधपाणी दोन्ही भागविणे कठीणच.

दुष्काळी कामांवर वृद्ध येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्यास म्हातारी माणसेही बसत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ चा केंद्रीय कायदा झाला. तो २००६ साली पहिल्याच टप्प्यात नांदेड जिल्ह्यास लागू झाला. त्यात वयाची खालची मर्यादा १८ वर्षांची होती, वरची मुळीच नव्हती. तरीही वृद्ध मागे पडत, कारण मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर निघे, आणि मंद हाताचा सोबती टोळीस नको असे. वस्तुतः वृद्धांकरिता निराळे दर ठरवावेत, असे त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिले होते. पाच अथवा अधिक लहान मुले कामावर येत असतील तर त्यांना सांभाळण्यास एक स्त्री मजुरीने नेमावी, असेही त्यात होते. पाणी पाजण्याचे काम तर प्रत्येक ठिकाणी निघतेच. योजनेचे नाव व नियम बदलोत. ग्रामसभेत ज्यांच्या शब्दास मान आहे अशा जमीनधारकांनी या जागा गावातील वृद्धांसाठी मागून घ्याव्यात.

तथापि सरकारी कामाकडे डोळे लावण्यापूर्वी आपल्या घरातील बियाण्याकडे पाहावे. दोन्ही जिल्ह्यांत खरिपाचे मुख्य पीक आता सोयाबीन आहे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, आणि उधारीवर बियाणे घेतलेल्यांस दुबार पेरणीचा खर्च सोसावा लागला. हे पीक स्वपरागी असल्यामुळे घरचे बियाणे निवडून दोन-तीन वर्षे वापरता येते. फक्त निवड नीट झाली पाहिजे, आणि ती घाईच्या माणसाकडून होत नाही. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल अत्यंत पातळ असते. पोते आपटले तरी अंकुर दुखावतो. फुटका, सुरकुतलेला, डागी दाणा सुपात पाखडून व हाताने वेचून काढावा लागतो. ज्या आजीने जन्मभर ज्वारीचे व करडीचे बी राखले, तिच्या हाताइतका विश्वासू हात या कामास दुसरा नाही.

उगवण तपासणेही तिने अथवा आजोबांनी करावे. गोणपाट भिजवून त्यावर शंभर दाणे दहा-दहांच्या रांगांनी मांडावेत, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे, आणि सहा-सात दिवसांनी जोमदार कोंब मोजावेत. दाणे वेचून न घेता पोत्यातून सरसकट उचलावेत, नाहीतर स्वतःचीच फसवणूक होते. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे ३५ किलो येते. त्याहून कमी उगवण असेल तर ते बियाणे विकून टाकावे.

मोबदल्याविषयी मात्र स्पष्ट बोलणे जरूर आहे. शेजारच्या वृद्ध मजुरास बियाणे निवडण्यास बोलाविले तर मजुरी त्याच्याच हाती द्यावी, मुलाच्या नव्हे. घरच्या वडीलधाऱ्यांसही त्यांच्या निवडीचे एक पोते स्वतंत्र विकू द्यावे. पैसा हाती खेळला म्हणजे ओसरी आपोआप सुटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, यास्तव काम सकाळी दहापर्यंत व पुन्हा उन्हे उतरल्यावर ठेवावे. वाकून करण्याचे काम न देता बैठ्या उंचीवर खाट अथवा फळी मांडून द्यावी, आणि डोळ्यांस कमी दिसत असेल तर वेचण्याचे काम देण्यापूर्वी चष्मा करून द्यावा.

गोणपाट मेच्या मध्यास भिजत घालावे. उगवण कमी दिसली तर पेरणीपूर्वी दुसरे बियाणे शोधण्यास तीन-चार आठवडे हाती राहतात.