हजार परार्धांची तफावत

एक लिटर पेट्रोल पुरतं जळायला हवा किती लागते? वजनात 14.7 पट. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर, हवा जराशी विरळ, म्हणून इथे हा हिशेब जवळपास 10,000 लिटरवर जातो. विश्रांतवाडी-धानोरीच्या सोसायट्यांत येणारा पाण्याचा मोठा टँकर काठोकाठ हवेने भरावा, तेव्हा कुठे एक लिटर पेट्रोल जळतं. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी 1,60,000 किलोमीटर चालली, तर असे साडेदहा हजारांवर टँकर ती ओढून घेते. हे माप चुकत नाही ना, यावर नजर ठेवतो धुराच्या पाइपात बसवलेला बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजमध्ये त्याला ‘ओटू सेन्सर’ म्हणतात.

त्याच्या टोकाला झिर्कोनियाची टोपी, तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा लेप. आत बाहेरची हवा, बाहेर इंजिनाचा धूर. टोक 300 अंशांच्या वर तापलं की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून वीज निर्माण होते. हवा जास्त झाली तर 0.1 व्होल्ट, पेट्रोल जास्त झालं तर 0.9. आकडे किरकोळ वाटतात. पण 627 अंश तापमान धरून नेर्न्स्टच्या सूत्राने 0.9 व्होल्टचा अर्थ काढा: दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये 1 वर 20 शून्यं इतक्या पटीची तफावत निघते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धाशी, म्हणजे 1 वर 17 शून्यांशी थांबतात. इथे तसे हजार परार्ध! प्लॅटिनमवर उरलासुरला ऑक्सिजन जळून समतोल साधला, की चमचाभर धुराच्या वाट्याला त्याचा एक रेणूही येत नाही.

तापलेल्या गाडीत हा सेन्सर सेकंदाला साधारण एकदा वर-खाली होत राहतो. तो कधी बदलायचा, याचा ठोकताळा किलोमीटरमध्ये सांगतात: टोक तापवणारा हीटर नसलेला जुना 50,000 ते 80,000, हीटरवाला 1,60,000. मला हा ठोकताळा शहरात अपुरा वाटतो. आळंदी रस्त्याच्या गर्दीतून ताशी 20 च्या सरासरीने 1,60,000 किलोमीटर कापायला 8,000 तास लागतात, म्हणजे 2 कोटी 88 लाख सेकंद. हायवेवर ताशी 80 ने तेच अंतर 2,000 तासांत संपतं. मीटरवरचा आकडा तोच, पण शहरातल्या सेन्सरने धूर चौपट वेळ सोसलेला असतो.

म्हणून स्कॅनर लावून आलेख बघा. 0.3 वरून 0.6 व्होल्टवर जायला 100 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, तर सेन्सर सुस्तावला आहे. पी0133 हा कोड हेच सांगतो. पी0135 म्हणजे हीटरची तक्रार. पी0420 दिसला म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागे बसवलेला दुसरा सेन्सर बदलायची घाई मात्र अजिबात करू नका, तो कोड बहुतेकदा कन्व्हर्टरकडेच बोट दाखवतो. पाइपाच्या जोडातून बाहेरची हवा आत शिरत असेल तर चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो, तेव्हा गळती आधी तपासून घ्या. उलट, मेलेला सेन्सर तसाच ठेवला तर जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो भाग सेन्सरपेक्षा कितीतरी महाग.

नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर अनेकदा वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण सलग मोजणारा असतो. तिथे 0.1 ते 0.9 व्होल्टची उडी शोधू नका, फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मापात करत असलेली दुरुस्ती बघा. हा ट्रिम सतत 10 टक्क्यांच्या पलीकडे राहत असेल, तर सुट्या भागांच्या दुकानात जाण्याआधी मेकॅनिककडून कारण शोधून घ्या.