थकल्या वयाची सेवा : भरती घटली, ती कशामुळे?

मागच्या भागात आपण एकात्मिक सेवेची रचना पाहिली. डॉक्टर, परिचारिका, घरकामाची मदत आणि रुग्णालय या सगळ्यांचा मेळ घालणारी एकच जबाबदार व्यक्ती, हा तिचा गाभा. आता प्रश्न असा, की ही सेवा लागू पडते हे ओळखायचं कसं?

२००३ साली इंग्लंडमध्ये ‘एव्हरकेअर’ नावाचा प्रयोग सुरू झाला. पासष्टीपुढची, वारंवार तातडीने रुग्णालयात भरती होणारी माणसं हेरायची आणि अनुभवी परिचारिकेने घरी जाऊन त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. वर्षभरात त्यांच्या भरतीचं प्रमाण घटलं, तर श्रेय कुणाला?

समजा, पंचाऐंशीच्या एका आजींना डिसेंबरात न्यूमोनिया झाला, मार्चमध्ये त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन भरती झाल्या म्हणून त्यांचं नाव यादीत आलं. पुढच्या वर्षी हाड मोडलं नाही, न्यूमोनियाही झाला नाही. परिचारिका आली नसती तरी बहुधा हेच झालं असतं. यादीतली काही माणसं तर वर्षभरात जगाचा निरोप घेतात. त्यांचीही भरती थांबतेच. मार्टिन रोलंड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली इंग्लंडच्या नोंदी तपासल्या. वर्षात दोन किंवा अधिक वेळा तातडीने दाखल झालेल्या वृद्धांचा त्या वर्षीच्या अशा भरतींमध्ये ३८ टक्के वाटा होता. पुढच्याच वर्षी तो १० टक्क्यांच्या आत आला, कोणताही खास उपक्रम नसताना!

म्हणून तुलनेचा गट हवाच. एव्हरकेअरची तशी तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली आणि तातडीच्या भरतीत लक्षणीय फरक आढळला नाही. तोवर अशा परिचारिका देशभर नेमायचं धोरण ठरूनही गेलं होतं. निकालाची वाट न पाहणं मला अक्षम्य वाटतं, कारण तोच पैसा आणि तीच माणसं दुसरीकडे कामी आली असती.

मॉन्ट्रियलमधल्या ‘सिपा’ प्रयोगाने हे नीट केलं. १९९९ ते २००१ या काळात १,२३० थकलेल्या वृद्धांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला एकात्मिक सेवा, दुसऱ्याला नेहमीची. एकात्मिक गटात घरच्या सेवेवरचा खर्च वाढला, संस्थांमधला तेवढाच घटला. एकूण हिशेब जवळपास सारखाच राहिला. पण उपचार संपूनही वृद्धाश्रमात जागा नाही म्हणून रुग्णालयाच्या खाटेवर अडकून पडणारे निम्म्याने कमी झाले. सांभाळणाऱ्या घरच्यांचं समाधान वाढलं आणि त्यांच्यावरचा भार वाढला नाही. नुसता पैसा मोजला असता, तर हा प्रयोग ‘निष्फळ’ ठरला असता.

मोजमापात वृद्ध माणसाचं म्हणणंही यायला हवं. इंग्लंडमध्ये २००९ साली सुरू झालेल्या १६ एकात्मिक सेवा प्रकल्पांत कर्मचाऱ्यांना काम सुधारल्यासारखं वाटत होतं. रुग्णांनी मात्र सांगितलं, की आवडीचे डॉक्टर वा परिचारिका भेटणं अवघड झालंय, आमचं पूर्वीइतकं ऐकलं जात नाही, निर्णयांत आम्हाला कमी विचारलं जातं. कागदावर सेवा जोडली गेली आणि ओळखीचा डॉक्टर मात्र दुरावला. प्रश्नावली फक्त कर्मचाऱ्यांनाच दिली असती, तर हे कळलंच नसतं.

पुढच्या आठवड्यात इटलीतल्या रोव्हेरेतो गावी जाऊ. तिथल्या २०० वृद्धांच्या प्रयोगात भरतीही घटली आणि खर्चही.