लॅपटॉपची वाढीव वॉरंटी : हमी कशाची आणि किती?

अभियांत्रिकी आणि अन्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश सुरू झाले की पुण्या-मुंबईतील संगणक विक्रेत्यांकडे पालकांची गर्दी वाढते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, पडदा केवढा यावर तासभर खल होतो. भावाची घासाघीस होते, बॅग आणि माऊस मोफत पदरात पडतात. सारे ठरून पैसे भरण्याची वेळ आली की विक्रेता सहज आठवल्यासारखे विचारतो, ‘आणखी सहा-सात हजारांत तीन वर्षांची वॉरंटी करून देऊ का?’ मुलगा आईकडे पाहतो, आई वडिलांकडे. दोन हजारांची सूट मिळविण्यासाठी अर्धा तास खर्च करणारे कुटुंब सात हजारांचा हा निर्णय अर्ध्या मिनिटात घेऊन मोकळे होते. कधी भीतीपोटी होकार, कधी संशयापोटी नकार.

वास्तविक हा निर्णय त्या क्षणी घेण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य लॅपटॉपना उत्पादकाची एक वर्षाची वॉरंटी किमतीतच मिळते आणि ती संपण्यापूर्वी केव्हाही मुदतवाढ विकत घेण्याची सोय अनेक कंपन्या देतात. अपघाती नुकसानीच्या योजना मात्र खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घ्याव्या लागतात. ती मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घेतलेली बरी. विक्रेत्याला घाई असते, कारण अशा योजनांवर त्याला मिळणारा मोबदला लॅपटॉपवरील नफ्याच्या मानाने चांगला असतो. यात गैर काही नाही. पण त्याची घाई ही ग्राहकाची निकड नव्हे.

एक नाव, तीन वस्तू

‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ या एकाच नावाखाली तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि बहुतेक तक्रारींचे मूळ या घोळात असते.

पहिली, उत्पादकाने स्वतः दिलेली मुदतवाढ. पहिल्या वर्षी ज्या अटींवर दुरुस्ती मोफत होती, त्याच अटींवर ती पुढे चालू राहते. अधिकृत सेवा केंद्र, मूळ सुटे भाग आणि योजनेनुसार घरी येणारा तंत्रज्ञ हे तिचे बळ. दुसरी, दुकानदार, विक्री साखळी किंवा ऑनलाइन बाजारपेठ यांच्यामार्फत तिऱ्हाईत कंपनी देते ती योजना. ही स्वस्त असते. परंतु दुरुस्ती कुठे होणार, भाग मूळ असणार की नाही, दुरुस्ती शक्य न झाल्यास किती रक्कम मिळणार हे सारे त्या कंपनीच्या अटींवर ठरते. अनेक योजनांत लॅपटॉपचे मूल्य वर्षागणिक घटवून धरतात. त्यामुळे साठ हजारांचा लॅपटॉप तिसऱ्या वर्षी निकामी ठरला, तर हाती येणारी रक्कम नवा घ्यायला पुरत नाही. तिसरी वस्तू म्हणजे अपघाती नुकसानीचे संरक्षण. लॅपटॉप पडणे, पडदा फुटणे, चहा सांडणे हे त्यात येते. चोरीचा समावेश अनेकदा नसतो.

साध्या वाढीव वॉरंटीत चहा सांडण्याला स्थान नाही, हे अनेकांना सेवा केंद्राच्या खिडकीशीच कळते. तिथे झाकण उघडल्यावर मदरबोर्डवर द्रवाचा डाग दिसला की वॉरंटीचा प्रश्न संपतो. काही कंपन्यांच्या मदरबोर्डवर ओलाव्याने रंग बदलणाऱ्या छोट्या चिकटपट्ट्या याच कामासाठी असतात. पडल्याने वाकलेली बिजागरी, चुकीच्या विद्युतदाबाने जळलेला भाग, अनधिकृत ठिकाणी उघडलेला लॅपटॉप, हेही बाहेरच. बॅटरीचे तर स्वतंत्रच प्रकरण. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता चार्जिंगच्या प्रत्येक आवर्तनागणिक थोडी घटते. ही झीज दोष मानली जात नाही. तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेऊनही बॅटरीची हमी एकाच वर्षाची राहते, असे अनेक योजनांत आढळते.

थोडक्यात, विद्यार्थ्याच्या हातात लॅपटॉपचे जे हाल होतात, त्यातील बरेचसे साध्या वाढीव वॉरंटीच्या कक्षेबाहेर पडतात. तिच्या कक्षेत उरतात ते मुख्यतः मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड, साठवण यांतील अंगभूत दोष.

गणित काय सांगते?

अंगभूत दोष केव्हा डोके वर काढतात, याचे यंत्रशास्त्रात एक परिचित चित्र आहे. सुरुवातीच्या काळात बिघाड अधिक, मग दीर्घकाळ कमी आणि झीज सुरू झाली की पुन्हा अधिक. या आलेखाचा आकार न्हाणीघरातील टबासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हणतात. उत्पादनातील कच्चे दुवे बहुधा पहिल्या वर्षात, म्हणजे मोफत वॉरंटीतच उघडे पडतात. दुसरे-तिसरे वर्ष हा टबाचा सपाट तळ असतो. वाढीव वॉरंटी नेमकी या तळाची विकली जाते.

आता उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. लॅपटॉप साठ हजारांचा, दोन वर्षांची मुदतवाढ सात हजारांना आणि मदरबोर्ड बदलण्याचा खर्च वीस हजार. सात हजार वसूल व्हायचे तर या दोन वर्षांत मदरबोर्ड जाण्याची शक्यता ३५ टक्के हवी. म्हणजे अशा दर तीन लॅपटॉपमागे एकाहून अधिक निकामी व्हायला हवेत. बिघाड त्याहून किरकोळ, समजा पाच हजारांत सुटणारा असेल, तर तो एकदा होऊनही खर्च भरून निघत नाही.

अमेरिकेतील स्क्वेअरट्रेड या कंपनीने २००९ मध्ये सुमारे तीस हजार लॅपटॉपच्या नोंदींवरून एक पाहणी प्रसिद्ध केली होती. तीन वर्षांत ३१ टक्के लॅपटॉप बिघडल्याचे तीत म्हटले होते. त्यातील २०.४ टक्के यंत्रातील दोषाने, तर १०.६ टक्के अपघाताने. ‘तीनपैकी एक लॅपटॉप बिघडतो’ असा डंका तेव्हा पिटला गेला. ही कंपनी स्वतः वाढीव वॉरंटी विकणारी होती, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी. गंमत अशी की विक्रेत्याचेच आकडे घेतले तरी आपले वरचे गणित जमत नाही. त्या २०.४ टक्क्यांत पहिले वर्षही धरलेले आहे आणि त्यातील प्रत्येक बिघाड मदरबोर्डचा नव्हे. शिवाय तो काळ फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कचा होता. आजच्या एसएसडीत हलणारा भागच नसतो.

मग घ्यावी कोणी?

सरासरीचे गणित सरासरी ग्राहकासाठी असते. ज्या घरात लॅपटॉप हप्त्यांवर किंवा शैक्षणिक कर्जातून आला आहे आणि तिसऱ्या वर्षी ऐन प्रकल्प सादरीकरणाच्या तोंडावर वीस हजार उभे करणे अशक्य आहे, तिथे सात हजार हा त्या संकटाचा विमा ठरतो. विमा गणिताने तोट्याचा असूनही माणसे तो घेतात, ते याचसाठी. ज्याला तो फटका पगारातून सोसता येईल, त्याने तेच सात हजार बँकेत बाजूला ठेवणे अधिक शहाणपणाचे.

यंत्राचा प्रकारही पाहावा लागतो. अलीकडच्या पातळ, वजनाने हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम आणि काही वेळा साठवणही मदरबोर्डवरच डाखलेली असते. एक चिप गेली की अधिकृत केंद्र संपूर्ण मदरबोर्ड बदलायला सांगते आणि हा खर्च लॅपटॉपच्या किमतीचा मोठा वाटा गिळतो. लाखाच्या पुढच्या अशा यंत्रांसाठी उत्पादकाची मुदतवाढ विचारात घेण्याजोगी आहे. याउलट ज्या जाड लॅपटॉपचे तळझाकण चार स्क्रू काढून उघडते, त्याचे भाग सुटे मिळतात. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा ठिकाणी ‘चिप लेव्हल’ दुरुस्ती करणारे कारागीर अख्खा मदरबोर्ड न बदलता त्यावरील जळालेला भागच बदलून देतात. खर्च कितीतरी कमी होतो. मात्र टिकाऊपणाची खात्री कारागिराच्या हातावर. ज्या गावात ना असा बाजार ना अधिकृत केंद्र, तिथल्या ग्राहकाला घरी येऊन दुरुस्ती देणारी ‘ऑन-साइट’ योजना सर्वाधिक उपयोगी. लॅपटॉप रोज लोकलच्या गर्दीतून प्रवास करणार असेल, तर मात्र आधी अपघाती संरक्षणाचा विचार हवा.

घ्यायचे ठरले, तर दुकानातील माहितीपत्रकावर न थांबता अटींचा पूर्ण मजकूर मागावा. ‘तीन वर्षे’ यात उत्पादकाचे मोफत वर्ष मोजले आहे का, हा पहिला प्रश्न; अनेकदा ते मोजलेले असते आणि विकत मिळतात दोनच वर्षे. किती वेळा दुरुस्ती मिळेल, प्रत्येक वेळी ग्राहकाने किती रक्कम भरायची, हेही विचारावे. साठवलेल्या माहितीची जबाबदारी जवळपास कोणतीच वॉरंटी घेत नाही. उलट बदललेली हार्डडिस्क कंपनी स्वतःकडे ठेवते आणि ती आपल्याकडे ठेवायची तर काही कंपन्या वेगळे पैसे आकारतात.

तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत आहे म्हणून तिकडे धाव घ्यावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत हवी. तिऱ्हाईत योजनेत विकणारा, योजना चालविणारा आणि दुरुस्त करणारा हे तिघे वेगळे असू शकतात. त्यामुळे बिलावर वॉरंटीची रक्कम आणि योजना देणाऱ्या कंपनीचे नाव स्वतंत्रपणे लिहून घेणे आवश्यक.

ज्यांनी अद्याप काहीच घेतलेले नाही, त्यांनी लॅपटॉपच्या तळाशी असलेला अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी संपण्याची तारीख तपासावी. काही वेळा ही तारीख लॅपटॉप कंपनीतून विक्रेत्याकडे गेल्यापासून मोजलेली असते आणि बिल सादर केल्यावर ती दुरुस्त करून मिळते. अकराव्या महिन्यात ती पुन्हा पाहावी. तोवर यंत्राने वर्षभरात किती त्रास दिला, हे घरात सर्वांना ठाऊक झालेले असते.