हात काढ, पाण्याला काम करू दे!

दोस्तांनो, रविवारी सकाळी साडेसहाला तुम्ही काय करता? खरं सांगा हं! बहुतेकांचं उत्तर 'झोपतो' असंच असणार. आमचंही तेच होतं. पण परवाच्या रविवारी कोल्हापूरला आम्ही रंकाळ्यावर गेलो आणि बघतो तो काय, तलावाच्या कट्ट्याजवळ पंचवीसतीस माणसं ओळीनं बसलेली! कुणी घडीच्या स्टुलावर, कुणी पोत्यावर, कुणी सरळ जमिनीवर मांडी घालून. मांडीवर पॅड, शेजारी पाण्याचे दोन दोन मग. त्यात पाचवीसहावीतली पोरं होती, कॉलेजची मुलं होती, बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा होते आणि एक आज्जी तर चक्क नातवाला घेऊन आल्या होत्या. आज्जींचं चित्र नातवापेक्षा पुढे गेलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

हे होतं जलरंगात चित्रं काढणाऱ्यांचं मंडळ. अशी मंडळं पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, नाशकात आहेत. त्यांचा कार्यक्रम अगदी साधा असतो. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी जमायचं, समोर दिसेल ते रंगवायचं आणि उन्हं वर आली की सगळ्यांची चित्रं एका ओळीत मांडून बघायची. वर्षातून एकदोन कार्यशाळा, एखादं प्रदर्शन, एखादी पन्हाळ्याची सहल. बस्स.

पण या साध्या कार्यक्रमात काय काय घडतं ते ऐका.

आधी अर्धा तास कुणी ब्रशला हातच लावत नाही! मंडळात एक जुने चित्रकलेचे शिक्षक आहेत, सगळे त्यांना 'सर' म्हणतात. ते प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक चौकट देतात, मध्ये खिडकीसारखी कापलेली. ती डोळ्यासमोर धरायची आणि रंकाळाभर फिरवायची. संध्यामठ आत घ्यायचा की नको? शालिनी पॅलेसचा मनोरा कडेला ठेवायचा की मधोमध? झाड अर्धं कापलं तर? एवढा मोठा तलाव, पण कागद वीतभर. म्हणजे बरंच काही सोडून द्यावं लागणार. काय सोडायचं हे ठरवायलाच तो अर्धा तास.

मग सर स्वतः एक चित्र करून दाखवतात. सगळे भोवती कोंडाळं करून उभे. सरांनी कागदाचा वरचा भाग स्वच्छ पाण्यानं ओला केला, त्यावर निळ्या रंगाचा ब्रश आडवा फिरवला आणि पॅड थोडं तिरकं धरलं. रंग आपला आपण खाली उतरत आला, वर गडद आणि खाली फिका. झालं आकाश! एक मिनिटही लागलं नाही. 'एवढंच?' असं कुणीतरी म्हणालं. सर हसले. म्हणाले, "एवढंच. पण आता हात लावायचा नाही. हे शिकायला मला दहा वर्षं लागली."

तर आता सांगायची गोष्ट ही, की त्यानंतर वीस मिनिटांतच सातवीतल्या एका मुलीच्या आकाशाचा पार बट्ट्याबोळ झाला. आकाश अर्धवट वाळलं होतं. तिला एक कोपरा फिका वाटला, म्हणून तिनं ब्रश पाण्यात बुडवून तिथे टेकवला. झालं! पाण्याचा थेंब पसरला, त्यानं रंग ढकलत ढकलत नेला आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झालरीदार डाग उमटला. ती डाग पुसायला गेली. तो आणखी वाढला. तिचे डोळे भरून आले. "आता काय करू वो सर? घाण झालं सगळं." कागद फाडायलाच निघाली होती.

"हात काढ," सर म्हणाले. "काही करू नको. पाण्याला काम करू दे. वाळेपर्यंत आपण चहा पिऊ."

ते वाळेपर्यंत आपण जरा आत डोकावू या. असं का होतं? जलरंग म्हणजे काय, तर रंगाची अगदी बारीक दळलेली पूड आणि डिंक. हा डिंक बाभळीच्याच कुळातल्या झाडांचा. म्हणून तर वाळून दगड झालेली रंगाची वडी पाणी लागलं की पुन्हा जागी होते. कागदावर पाणी पसरतं, ते पुडीचे कण सोबत घेऊन जातं आणि उडून जाताना कण जागेवर ठेवून जातं. कागद अर्धवट वाळलेला असताना त्यावर जादा पाणी पडलं, तर ते चारी बाजूंना धावतं, वाटेतले कण ढकलतं आणि जिथे थांबतं तिथे त्यांचा बांध घालतं. हाच तो फ्लॉवर! म्हणजे चूक रंगाची नाही, वेळेची. कागद पूर्ण ओला असेल तर रंग एकमेकांत विरघळतात, पूर्ण कोरडा असेल तर कड स्पष्ट येते. मधली वेळ मात्र अवघड. मंडळातली मुलं कागद तिरका धरून त्याची चकाकी बघतात. चकाकी गेली की हात खिशात!

आणखी एक गंमत. या चित्रांत पांढरा रंग बहुधा वापरतच नाहीत. पांढरं काय असेल ते कागदाचं. पोस्टर कलरमध्ये आपण काळ्यावर पांढरा ठिपका देऊ शकतो. पारदर्शक जलरंगात तसं चालत नाही. पाण्यावरची चमक हवी असेल तर तेवढी जागा पहिल्यापासून कोरी सोडायला हवी. आधी फिके रंग, मग गडद. उलट जाता येत नाही. वर पुन्हा ओला रंग दिसतो गडद आणि वाळल्यावर होतो फिका, त्यामुळे नवशिके हमखास फसतात. आम्ही फसलो ना!

सामान किती लागतं? आम्हाला वाटलं चोवीस रंगांची पेटी हवी. सरांच्या ताटलीत रंग होते फक्त तीन! अल्ट्रामरीन निळा, पिवळसर मातीचा यलो ऑकर आणि भाजलेल्या मातीचा तांबूस बर्न्ट सिएना. निळा आणि तांबूस मिसळला की सुरेख करडा होतो, ढगांचा, घाटाच्या दगडांचा, म्हशीच्या पाठीचा. कागद मात्र जाड हवा. दुकानात 'तीनशे ग्रॅमचा' म्हणून मिळतो, म्हणजे असा एक चौरस मीटर कागद वजनाला ३०० ग्रॅम भरतो. आपला शाळेच्या वहीचा कागद पाणी पडताच पापडासारखा फुगतो. हा कागद महाग पडतो, खरं आहे. म्हणून इथली मुलं एका मोठ्या कागदाचे आठ तुकडे करतात आणि पाठची बाजूही सोडत नाहीत.

ब्रशबद्दल एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. आपल्याकडे वर्षानुवर्षं मुंगसाच्या केसांचे ब्रश विकले जात होते. त्यासाठी मुंगसं मारली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार गुन्हा आहे, तरी कुठे कुठे तो चोरून चालतो. नायलॉनचे चांगले ब्रश आता सगळीकडे मिळतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा, 'हे केस कशाचे?' तो गडबडला, तर दुसऱ्या दुकानात जा.

चित्रकारांनी असं एकत्र जमायची रीत जुनी आहे बरं का. लंडनमध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात तैलचित्रांना मान होता आणि जलरंगांना कुठेतरी कोपऱ्यात जागा मिळायची. जलरंगवाले वैतागले आणि १८०४ साली त्यांनी आपली वेगळी संस्था काढली. पुढच्याच वर्षी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. ती संस्था आजही आहे! आपल्याकडे मुंबईत १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया. या दुसऱ्या संस्थेच्या संस्थापकांत एक होते सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडीचे.

हळदणकरांचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं असणार, कदाचित एखाद्या कॅलेंडरवर. अंधारात एक तरुणी दिवा घेऊन उभी आहे, एका हाताचा आडोसा धरलेला, बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतोय. 'ग्लो ऑफ होप' त्याचं नाव. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. ते साफ चूक! आणि ते तैलचित्रही नाही, ते जलरंगात आहे. चूक झाली तर सहजी खोडता येत नाही अशा रंगात, हाताच्या तळव्यातून येणारा उजेड! चित्रासाठी तासन्तास दिवा धरून उभी राहिली होती त्यांचीच मुलगी, गीता. त्या पुढे गीताबाई उपळेकर झाल्या, कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, इथेच वारल्या.

कोल्हापूरला तर अशा गोष्टींचा तोटाच नाही. शाहू महाराजांच्या पदरी असलेले आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले आणि कोटितीर्थाच्या काठी राहून आयुष्यभर हाच परिसर रंगवत राहिले. रंकाळा, पंचगंगा, पहाट, संध्याकाळ. १९२२ साली महाराज गेले, आश्रय तुटला. रंग विकत घ्यायला पैसे नसत, तेव्हा ते झाडपाल्याचे रंग करत असं जुनी माणसं सांगत. १९३१ साली ते वारले. त्यांची कितीतरी चित्रं आज नाहीत, कुठे गेली कुणास ठाऊक. सरांनी हे सांगितलं तेव्हा ती डागवाली मुलगीसुद्धा ऐकत होती. "एवढी सगळी गेली?" तिनं विचारलं. "आणि तू एक फाडायला निघालीस," सर म्हणाले.

आता थोडं आईबाबांशी. मुलांनो, हा भाग त्यांना वाचायला द्या. नाहीतर तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा!

मंडळाच्या कार्यशाळेत एक नियम आहे. पालक थांबू शकतात, पण त्यांनाही कागद मिळतो आणि त्यांनी स्वतःचं चित्र काढायचं. मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही. एका बाबांनी विचारलं, "याचा एलिमेंटरी, इंटरमिजिएटला उपयोग होईल ना?" होईलही. पण त्या दोन तासांत त्यांचं स्वतःचं झाड वांग्यासारखं झालं, तेव्हा ते गप्प बसले आणि मुलगा त्यांना शिकवू लागला, "बाबा, पाणी कमी घ्या, पाणी!"

हा नियम आम्हाला फार टोचला, कारण आमचा एक जुना गुन्हा आहे. काही वर्षांपूर्वी आमची भाची सुट्टीत घरी आली होती. तिनं नदी काढली होती, पाणी जांभळं. ती जेवायला गेली असताना आम्ही मोठ्या मायेनं ते पाणी निळं करून ठेवलं, काठही जरा सरळ केले. परत येऊन तिनं बघितलं. रडली नाही, भांडली नाही. "छान झालं, मामा," एवढंच म्हणाली आणि चित्र तिथेच ठेवून निघून गेली. त्या सुट्टीत तिनं पुन्हा ब्रश उचलला नाही. पुढच्या दिवाळीतही नाही. रंकाळ्यावर त्या सकाळी साडेसहाला पाणी कसं दिसत होतं माहीत आहे? जांभळं. आकाशच तसं होतं. तिनं बघूनच काढलं असणार. आम्हीच कधी बघितलं नव्हतं.

असो. चहा झाला, आकाश वाळलं. डाग वाळून फिका झाला होता, त्याला कापसासारखी कड आली होती. सरांनी मुलीला विचारलं, "काय दिसतंय?" ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पावसाचा ढग." सरांनी त्यावर काहीच सांगितलं नाही. तिनं आपणच संध्यामठ जरा गडद घेतला, पाण्यात ढगाची सावली सोडली आणि कोपऱ्यात एक म्हैस काढली. म्हैस चांगली नव्हती. पण ढग! नऊ वाजता कट्ट्यावर सगळी चित्रं ओळीनं मांडली, तेव्हा येणारेजाणारे फिरायला आलेले लोक त्या ढगापाशी थांबत होते. "सकाळी ढग होतं व्हय?" एकानं विचारलं.

तुम्हालाही करून बघायचंय? मंडळ जवळ नसलं तरी अडत नाही. एकच रंग घ्या, निळा किंवा तपकिरी. खिडकीतून दिसणारी तीन घरं काढा. लांबचं अगदी फिकं, मधलं त्याहून गडद, जवळचं सर्वांत गडद. पहिलं पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एवढंच. आणि दोन मग घ्या, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. एकाच मगावर भागवलंत तर तिसरं घर हमखास गढूळ होणार.

कोल्हापुरात असाल तर आणखी एक. 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' टाऊन हॉलच्या बागेत भरते. झाडाखाली चित्रकार चित्रं काढतात, शिल्पकार मातीतून चेहरे उभे करतात आणि शेजारी गाणं चाललेलं असतं. कुणाच्याही मागे उभं राहून बघा. फक्त पाण्याचा मग लवंडू नका!

आणि हो, आम्ही भाचीला फोन केला. ती आता कॉलेजात आहे. म्हटलं, पुढच्या रविवारी रंकाळ्यावर येतेस का? ती म्हणाली, "येते मामा. पण तुम्ही तुमचा कागद आणा."