पोत्यातलं सरपण

सरपण म्हटलं की आमच्याकडे बाभूळच. आजोळच्या बंबात बाभळीचे दोन ढलपे पडले की घरभराच्या आंघोळी उरकायच्या. पांगारा कुणी फुकट दिला तरी आजी तो परत पाठवायची. त्यामुळे न्यू हॅम्पशायरला मावसबहिणीच्या घरी पेलेटची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांची, शेगडी पाहिली आणि ती म्हणाली, ‘ताई, ओकपेक्षा डग्लस फर बरं,’ तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. पुढं ते वेड मलाच लागलं.

तिचं बरोबर होतं. पेलेट करताना भुसा इतका दाबतात की लाकूड मुळात कठीण होतं की मऊ, याला फारसा अर्थ उरत नाही. मग किलोला किलो तोललं तर लिग्निन आणि राळ जास्त असलेलं डग्लस फरसारखं सूचिपर्णी लाकूडच उष्णतेत किंचित सरस ठरतं. आजीची बाभूळ ढलप्याच्या मापानं श्रेष्ठ होती, वजनाच्या नव्हे.

या धांडोळ्यात हाती लागलेला सगळ्यात रसाळ कागद म्हणजे एक पेटंट: अमेरिकेचं, क्रमांक 4015951, तारीख 5 एप्रिल 1977, नाव रुडॉल्फ गनरमन. ओरेगनमधल्या ब्राउन्सव्हिलला त्यांच्या पद्धतीनं ‘वुडेक्स’ नावाचे पेलेट निघू लागले. तेलटंचाईचा धसका ताजा होता आणि लाकूडगिरण्यांत भुशाचे, सालींचे ढीग साचलेले. भुसा दाबण्यात नवं काही नव्हतं. गनरमन यांचा सगळा भर ओलीवर: कच्च्या मालात 16 ते 28 टक्के पाणी राखा आणि साच्यातून बाहेर पडताना पेलेटचं तापमान 325 ते 350 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 163 ते 177 सेल्सिअस ठेवा. आतलं लिग्निन मऊ होतं, कण धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. हाच माणूस पुढं नाफ्थ्यात पाणी मिसळून इंजिनं चालवायच्या मागे लागला. पाण्यानं त्यांना जन्मभर सोडलं नाही, असं मला उगाच वाटतं.

गंमत म्हणजे सरपण आधी आलं, चूल मागाहून. वुडेक्स कारखान्यांच्या बॉयलरांसाठी होतं. घरात शोभेल अशी, मळसूत्रानं चिमूटचिमूट पेलेट सरकवणारी शेगडी बोइंगमधले अभियंते जेरी व्हिटफील्ड यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घडवली.

पिशवी घेताना मात्र झाडाच्या नावाआधी राखेचा आकडा वाचावा. युरोपात ‘ईएनप्लस ए1’ दर्जाला 0.7 टक्के राखेची मुभा, ‘ए2’ला 1.2, ‘बी’ला 2. अमेरिकेतल्या प्रीमियम दर्जाला 1 टक्का. आकडे क्षुल्लक वाटतात; पण हिवाळ्याला तीन अमेरिकी टन जाळणाऱ्या घरात अर्धा टक्का म्हणजे 13-14 किलो राख, एक टक्का म्हणजे 27. ती सरळ राख राहिली तर बरं. साल किंवा वाळूमाती मिसळलेली असेल तर राख वितळून खंगर होतो, हवेची भोकं बुजतात आणि ज्योत पिवळी, आळशी होते. गव्हाच्या काडाचा पेलेट तर याबाबतीत अगदीच बेभरवशाचा. दुसरी खोड पिशवीच्या तळाशी: भुगा. पेलेट तुटके असले की तो मळसूत्राशी साचतो आणि शेगडी उपाशी मरते.

शेतकचऱ्याच्या पेलेटचा विषय निघाला की पुण्याची आठवण येतेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साथीनं तेलकंपनी बीपीनं आणलेली, पुढं पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं चालवलेली ‘ऊर्जा’ शेगडी शेतकचऱ्याच्या पेलेटवर स्वयंपाक करायची. लाखो घरांत ती गेली. पण पेलेटचे भाव चढले आणि घरगुती गिऱ्हाईक गळालं. चूल विकली की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

मावसबहीण हल्ली टनावारी माल घेण्याआधी चार-पाच जातींची एकेक पिशवी आणते. 40 पौंडांची पिशवी थंडीत दिवसभर पुरते. दुसऱ्या सकाळी खंगर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा आणि वहीत लिहायचा. परवा तिनं त्या पानाचा फोटो पाठवला. ओक-मेपलच्या एका चकचकीत पिशवीपुढं आकडा नव्हताच. तिथं नुसतं ‘पांगारा’ लिहिलं होतं.