सॅक घेताना छाप नको, शिलाई बघा

आपल्या वस्तीत सॅक नाही असं घर आता शोधून सापडायचं नाही. कुणी पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला जातं, कुणी सर्व्हेची रजिस्टरं घेऊन दारोदार फिरतं, कुणी दिवसभर मोटरसायकलवरून पार्सल पोचवतं. सुट्टीत पोरं-पोरी गडावर जातात. घरातून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, दिवस उघड्यावर काढायचा आणि लागणारं सगळं पाठीवर न्यायचं, ही आपल्या बऱ्याच घरांची रोजची रीत आहे.

मात्र सॅक घेताना आपण दोनच गोष्टी बघतो, रंग आणि भाव. आरोग्याच्या पानावर सॅकचं काय काम, असं कुणाला वाटेल. नर्सिंगच्या नोकरीत आणि आता वस्तीत काम करताना मान-खांदा धरून आलेली माणसं मी बरीच पाहिली. गोळी द्या, मलम द्या म्हणतात. मी आधी म्हणते, तुमची सॅक दाखवा. दोरीसारखे झालेले पट्टे, कमरेखाली लोंबणारं बूड आणि एकाच खांद्यावर सगळा भार असेल, तर नुसत्या गोळीने किती दिवस भागणार?

वाईट सॅक अंगाला काय करते

खांदा आणि मान यांच्या मधून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा असतो. अरुंद, कडक पट्टा जड वजनासह तासन्‌तास तिथे रुतला तर या नसा दाबल्या जातात. बोटांना मुंग्या येतात, हात जड वाटतो, कधी हात वर उचलताना ताकद लागत नाही. सैनिकांमध्ये आणि डोंगर चढणाऱ्यांमध्ये हा त्रास फार पूर्वीपासून माहीत आहे. डॉक्टर त्याला ‘रकसॅक पाल्सी’ म्हणतात. बहुतेकदा ओझं थांबवल्यावर तो हळूहळू बरा होतो, पण मुंग्या येत असताना तेच ओझं वाहत राहिलं तर बरं व्हायला महिने जातात.

सॅक पाठीपासून लांब लोंबत असेल तर ती आपल्याला मागे ओढते. तोल सांभाळायला आपण पुढे वाकतो आणि मान पुढे काढतो. दिवसभर असं चाललं की रात्री कंबर आणि मान दोन्ही बोलतात. एका खांद्यावर सॅक अडकवली तर शरीर दुसऱ्या बाजूला झुकतं. म्हणून दोन्ही पट्टे लावायचे, वजन कमी असलं तरी.

आधी ओझं मोजा, मग माप ठरवा

केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं सांगितलं आहे. रोज ओझं वाहणाऱ्या मोठ्या माणसांनीही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. ५० किलो वजनाच्या बाईला तो ५ किलो होतो. आता हिशेब करा. पाणी २ लिटर, म्हणजे २ किलो. भरलेला डबा पाऊण किलो. रजिस्टरं, छत्री, पॉवर बँक मिळून दीड किलो. रिकामी सॅकच पाऊण किलोची. झाले ५ किलो.

म्हणून सॅक जितकी मोठी तितकी चांगली, हा समज सोडा. मोठी सॅक रिकामी राहत नाही, आपण ती भरतोच. एका दिवसाला २० लिटरची सॅक पुरते. पावसाळी कपडे आणि दोघांचा डबा न्यायचा असेल तर २५ ते ३०. रस्त्यावरच्या मालावर लिटर लिहिलेले नसतात किंवा काहीही लिहिलेलं असतं. टेप घेऊन स्वतः मोजा. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १००० ने भागा. ४५ लांब, ३० रुंद, १५ जाड असेल तर साधारण २० लिटर झाली.

दुकानात काय तपासायचं

कापड: चांगल्या सॅकच्या चिठ्ठीवर ‘डेनियर’ म्हणून आकडा असतो. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम भरतं तितके डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. रोजच्या वापराला ६०० डेनियर पॉलिएस्टर किंवा ४२० डेनियर नायलॉन चांगलं चालतं. नायलॉन घासण्याला जास्त टिकतं, पॉलिएस्टर उन्हाला जास्त टिकतं. दिवसभर उन्हात फिरणाऱ्यांना म्हणून पॉलिएस्टरही वाईट नाही. चिठ्ठी नसेल तर कापड उजेडासमोर धरा. वीण विरळ असेल तर उजेड ठिपक्यांसारखा आरपार दिसतो.

शिलाई: सॅक बाहेरून सगळ्याच छान दिसतात. ती उलटी करा आणि आतून बघा. कापडाच्या कडा पट्टीने बांधून शिवलेल्या हव्यात. सुटे धागे लोंबत असतील तर कड उसवत जाणार. पट्टा जिथे सॅकला जोडला आहे ती जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे एकाच रेषेची शिलाई नको. चौकोन आणि त्यात फुली, किंवा जवळजवळ मारलेल्या दाट टाक्यांची जाड पट्टी हवी. सॅक बहुतेक तिथेच तुटते. दोन्ही हातांनी पट्टा जोरात ओढा. टाके फाकून भोकं दिसली तर परत ठेवा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

चेन: एका हाताने वीस वेळा उघडझाप करा, कोपऱ्यावर जास्त. अडकायला नको. मुख्य कप्प्याची चेन जाड दातांची हवी. बारीक चेन फक्त छोट्या खिशाला चालते.

पट्टे: सुमारे अडीच इंच रुंद हवेत. आतला फोम अंगठ्याने दाबा. तो लगेच वर आला पाहिजे. दबून तसाच राहिला तर महिन्याभरात पट्टा चिंधी होणार.

बूड: सॅक आपण रस्त्यावर, दगडावर, लोकलच्या फरशीवर टेकवतो. तळाला दुहेरी कापड असेल तर ती कितीतरी जास्त चालते.

बाटलीचा खिसा: दोन्ही बाजूंना हवा, आणि सॅक न उतरवता हात पोचला पाहिजे. बाहेर काम करणाऱ्या आपल्या बाया आधीच पाणी कमी पितात, कारण वाटेत संडासची सोय नसते. त्यात बाटली सॅकच्या तळाशी असेल तर पिणं आणखी टळतं. मग लघवीची जळजळ, मुतखडा, उन्हात चक्कर हे मागे लागतं.

छापाला भुलू नका

अशा एका दिवसाच्या सॅका परदेशात डोंगर चढणारे आणि शिकारीला जाणारे वापरतात. तिथूनच झाडापानांच्या रंगांच्या, मिलिटरी छापाच्या सॅकांची फॅशन आपल्याकडे आली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा जंगलात लपण्याची आपल्याला गरज नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मात्र हा छाप फार आवडतो. पण छाप मिलिटरीचा असला म्हणून कापड मिलिटरीचं होत नाही. पहाटे अंधारात रस्त्याने धावणाऱ्याला तर उलट, लांबून दिसणारा रंग आणि उजेडात चमकणारी पट्टी हवी. सॅकला ती नसेल तर विकत आणून शिवून घ्या. मोठ्या कंपनीच्या नावाचंही तसंच. नाव शिवायला दहा मिनिटं लागतात.

पाठीवर बसते का?

मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी एक मणका वर येतो. तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत तुमच्या पाठीची लांबी. सॅक साधारण तेवढीच असावी. बूड कमरेच्या खाली चार इंचांपेक्षा जास्त लोंबायला नको. उंच नवऱ्याची सॅक बुटक्या बायकोला, आणि आईची सॅक चौथीतल्या मुलीला बसत नाही. घरात एकच असेल तर निदान पट्टे प्रत्येक वेळी आपल्या मापाला ओढून घ्या.

छातीवर बांधायची पट्टी असेल तर उत्तम. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर पाठीवरची सॅक एका बाजूला सरकली की तोल जातो. छातीची पट्टी तिला जागेवर धरते. कमरेला बारीक पट्टी असेल तर तीही एवढंच काम करते. वजन खांद्यावरून कमरेवर यायला गादीचा रुंद पट्टा आणि मागे ताठ पाठ लागते. ५–६ किलोच्या वर वाहणाऱ्यांनी अशीच सॅक बघावी.

भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर ठेवा. हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या सॅकमध्येही चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून पाणी शिरतं. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात सामान ठेवा. सॅकमध्ये ओआरएसचं एक पाकीट, स्वच्छ गॉज, बँडेजची गुंडाळी आणि आपल्या रोजच्या गोळ्या कायम असू द्या. अडचणीत रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच.

पैशाचा हिशेब

समजा ३५० रुपयांची सॅक सहा महिन्यांत फाटली. चार वर्षांत आठ सॅका, म्हणजे २,८०० रुपये. तीच १,१०० रुपयांची एक सॅक चार वर्षं टिकली तर १,७०० रुपये वाचले, आणि खांदाही वाचला. पण १,१०० एकदम निघत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी दोन वाटा आहेत.

एक, बचत गटातून दोन-तीन हप्त्यांत पैसे उभे करा, आणि बिल घ्या. वॉरंटी लिहून दिली असेल आणि दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिलाशिवाय तिथे आपली बाजू लंगडी पडते.

दोन, आहे ती सॅक दुरुस्त करा. चेन बिघडली म्हणजे पुष्कळदा फक्त रनर झिजलेला असतो. तो बदलला की काम भागतं. नवीन सॅक आणली की पहिल्याच दिवशी पट्ट्यांच्या जोडावर जाड नायलॉन दोऱ्याने दुहेरी शिलाई मारून घ्या. धारावीत आणि मदनपुऱ्यात सॅका शिवणारे कारागीर आहेत. आपल्या गल्लीतही बॅगा-चपला शिवणारा कुणीतरी असतोच. त्याला पट्टा दाखवून विचारा, किती दिवस चालेल. तो खरं सांगेल.

घरी आल्यावर

डबा आणि खाऊचे तुकडे रोज काढा. खाण्याच्या वासाने उंदीर सॅक कुरतडतात, आणि उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो. सॅक जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा. पाठीचा आणि पट्ट्यांचा घाम साठला की घामोळ्या आणि नायटा होतो. तेवढा भाग दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. महिन्यातून एकदा साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवा. मशीनमध्ये घातली किंवा ओली कोंबून ठेवली तर आतला मेणासारखा थर सुटतो.

बोटांच्या मुंग्या दोन दिवसांत गेल्या नाहीत, हात उचलताना ताकद कमी वाटली, किंवा कंबरदुखी पायात उतरली, तर मलम चोळत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. जाताना सॅकही घेऊन जा आणि भरलेली न्या, म्हणजे डॉक्टरांना तुमचं रोजचं ओझं कळेल.